डिझेल गाडीतला ईसीएम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीथमपूरला इंजिनांच्या टेस्ट बेडवर नोकरी झाली, त्यामुळे इंदूरच्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतसुद्धा कुणीतरी मला गाठतंच: “काका, मीटरवर पिवळं इंजिन पेटलंय, काय करू?” तो दिवा पेटवणारा, इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम (इंजिन कंट्रोल मॉड्यूल). त्याच्याबद्दल फोनवर, मेसेजवर, लग्नाच्या पंगतीत पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. मग तिथे कॉम्प्युटरला काम काय?

दोनच कामं: डिझेल किती सोडायचं आणि केव्हा सोडायचं. पेट्रोल इंजिनात हवा अडवून ताकद कमी-जास्त करतात. डिझेलमध्ये हवा जवळजवळ मोकळीच आत येते, ताकद ठरते ती डिझेलच्या मात्रेवर. सिलिंडरमधली हवा पंधरा ते अठरा पटींनी दाबली की तिचं तापमान ५०० अंशांच्या पार जातं आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे फवारण्याचा क्षण हाच पेटवण्याचा क्षण.

आता हिशेब बघा. इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरतंय, तर क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) एक अंश फिरायला सेकंदाचा बारा हजारावा भाग लागतो. चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला साधारण ६७ वेळा डिझेल पेटतं आणि दर वेळी ते एका दमात न सोडता दोन-तीन किंवा जास्त तुकड्यांत सोडलेलं असतं. हे सांभाळणाऱ्या डब्याला कुणी ईसीएम म्हणतं, कुणी ईसीयू. डबा तोच.

२. जुन्या गाड्या याच्याशिवाय चालत होत्याच ना?

चालत होत्या, आणि दणकट चालत होत्या. बॉशने १९२७ साली डिझेलच्या इनलाइन पंपाचं कारखान्यात नियमित उत्पादन सुरू केलं. तिथून पुढे कित्येक दशकं गव्हर्नरची (फेरे सांभाळणाऱ्या यंत्राची) फिरती वजनं, स्प्रिंग आणि पंपाचा रॅक (डिझेलची मात्रा बदलणारी दांडी) यांनीच हे काम केलं. अडचण एक होती: दाब इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून. फेरे कमी तर दाब कमी, दाब कमी तर फवारा जाड, आणि जाड फवारा म्हणजे काळा धूर.

कॉमन रेलने (प्रश्न ३) दाब आणि फेरे यांची फारकत केली. १९९५ मध्ये जपानमध्ये डेन्सोची ही यंत्रणा हिनोच्या ट्रकवर आली. मोटारींत १९९७ ची अल्फा रोमिओ १५६ पहिली. तिची मूळ कल्पना फियाट गटाची, ती उत्पादनात आणली बॉशने. आपल्याकडे धुराचे नियम आवळत गेले तसा जुना पंप मागे पडला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. त्याबरोबर डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आलं. ट्रान्सपोर्ट नगरातले जुने मिस्त्री “पहिल्या गाड्या बऱ्या होत्या” म्हणतात, आणि पाना-पकडीने दुरुस्त होण्यापुरतं ते खरंही आहे.

३. कॉमन रेल म्हणजे नेमकं काय? मेकॅनिक ‘रेल’ म्हणतो ती पट्टी दिसते, पण आत काय चालतं?

ती जाड भिंतीची पोलादी नळी आहे, सगळ्या इंजेक्टरांची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांची) सामाईक टाकी. गाडीच्या टाकीतून डिझेल फिल्टरमध्ये, फिल्टरमधून हायप्रेशर पंपात, पंपातून रेलमध्ये. पंप फक्त दाब तयार करतो, कोणत्या सिलिंडरला कधी द्यायचं हे त्याला माहीत नसतं. गाडी नुसती चालू असताना रेलमध्ये २५० ते ४०० बार, चढावर पूर्ण रेस दिली की १६०० ते २००० बार, काही इंजिनांत २५०० पर्यंत. तुमच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा.

एवढ्या दाबाविरुद्ध इंजेक्टरची सुई एखादी छोटी कॉइल कशी उचलेल? ती उचलतच नाही. कॉइल फक्त सुईच्या डोक्यावरची एक बारीक झडप उघडते. डोक्यावरचा दाब उतरतो, खालचा तसाच राहतो, आणि त्या फरकाने सुई वर ढकलली जाते. झडपेतून सुटलेलं थोडं डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. हे रिटर्न लक्षात ठेवा, प्रश्न ८ मध्ये कामी येईल.

मुख्य फवाऱ्याच्या आधी एक-दोन मिलिग्रॅमचा छोटा फवारा सोडतात. त्याने सिलिंडर आधीच गरम होतो आणि डिझेल एकदम भडकत नाही. जुन्या जीपची खडखड आणि नव्या गाडीची घरघर यांतला बराचसा फरक या थेंबभर डिझेलचा आहे.

एक इशारा. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर मिस करतोय हे बघायला चालू इंजिनात पाइपचा नट सैल करायचे. कॉमन रेलवर हे कधीच करू नका. ती धार कातडी भेदून आत जाते आणि जखम दिसते टाचणीएवढी. तसं झालंच तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

४. एवढे सेन्सर कशाला? कोणता गेला की गाडी बंदच पडते?

बंद पाडणारा मुख्यतः एकच: क्रँक सेन्सर. फ्लायव्हीलजवळच्या चाकावर साधारण ६० दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. तो खड्डा समोरून गेला की ईसीएमला कळतं पिस्टन कुठे आहे. हा सेन्सर गेला की फवारायचं केव्हा हेच कळत नाही.

कॅम सेन्सर (झडपा उघडणाऱ्या दांड्याजवळचा) गेला तर चालू गाडी बहुधा चालत राहते, पण पुन्हा सुरू व्हायला खूप सेल्फ मारावा लागतो किंवा ती सुरूच होत नाही. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर गेला तर ईसीएम एक ठरावीक आकडा धरून चालतो आणि सावधगिरी म्हणून पंखा सतत फिरवतो. रेस पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा. दोघांचं जुळलं नाही तर ईसीएम रेसवर विश्वास ठेवत नाही आणि गाडी रांगत घरी येते. रेलच्या दाबाचा सेन्सर गेल्यावर काही गाड्या ताकद कापतात, काही थेट बंद होतात.

५. रेस दाबली की तेवढं डिझेल वाढतं, बरोबर?

नाही. पाय फक्त मागणी करतो. ईसीएम ती मागणी टॉर्कमध्ये (फिरवण्याच्या जोरात) वाचतो आणि मग एकेक मर्यादा तपासतो: टर्बोने (हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याने) हवा किती आणली, एवढ्या हवेत किती डिझेल धूर न होता जळेल, पाणी तापलंय का, फेरे हद्दीत आहेत का, गिअरबॉक्स काय म्हणतोय. सगळ्यांत कमी आकडा असेल तो लागू. नवीन गाडीतून काळा धूर न येण्याचं मोठं कारण हेच. टर्बो फिरेपर्यंत तुम्ही कितीही रेस दाबा, डिझेल हवेच्या मागेच राहतं.

हे सगळे आकडे तक्त्यांत भरलेले असतात, त्यांनाच मॅप म्हणतात. ते भरायला इंजिन महिनोन्महिने टेस्ट बेडवर, मग थंडीत, उंचीवर, ट्रॅकवर पळवतात. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ साली सुरू झाला, तो अशाच चाचण्यांसाठी. राजवाड्याच्या गर्दीत रेस न देता नुसता क्लच सोडला तरी गाडी बंद न पडता सरकते ना? फेरे घसरताहेत हे बघून ईसीएमनेच डिझेल वाढवलेलं असतं.

६. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात न्यूट्रल करून उतरलो तर डिझेल वाचतं का?

उलट जास्त जातं. गिअरमध्ये पाय उचलून उतरताना चाकं इंजिनला फिरवतात. फेरे पुरेसे आहेत आणि रेस शून्य आहे हे दिसलं की ईसीएम डिझेल पूर्ण तोडतो. फेरे हजार-बाराशेच्या आसपास उतरले की पुन्हा सुरू करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, आणि इंजिनचा ब्रेकही हातचा जातो. ही सवय जुन्या ड्रायव्हरांकडून आली आहे, आणि घाटात ती जिवावर बेतू शकते.

७. मीटरवर पिवळं इंजिन पेटलं. गाडी चालवू की उभी करू?

पिवळा दिवा स्थिर असेल, गाडीचा आवाज नेहमीसारखा असेल, तर सावकाश चालवत गॅरेज गाठा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा पेटला तर तिथेच बंद करा. पिकअप एकदम गेला आणि फेरे ठरावीक आकड्यावर अडकले, तर गाडी लिम्प मोडमध्ये आहे, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी ईसीएमने मुद्दाम ताकद कापली आहे. बंद करून पुन्हा सुरू केली की बरेचदा ठीक वाटते. म्हणून दुखणं बरं झालं असं समजू नका, दोषाचा कोड ईसीएमच्या आत लिहिलेला असतो.

८. स्कॅनरने कोड काढला, सांगितलेला सेन्सर बदलला, कोड परत आला. फसवणूक झाली का?

मला सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. फसवणूक असेलच असं नाही, पण घाई नक्की झाली. कोड ही ईसीएमची तक्रार असते, निदान नव्हे. त्याला दिसतात फक्त तारेवरचे व्होल्ट. गळकी नळी, उंदराने कुरतडलेली वायर, तुंबलेला फिल्टर त्याला दिसत नाही.

पी ००८७ घ्या, अर्थ: रेलमध्ये दाब कमी. लोक लगेच रेल सेन्सर बदलतात. मी उलटा जातो. आधी फिल्टर कधी बदलला ते विचारतो. मग पंपाच्या अलीकडच्या नळीतून हवा शिरतेय का, पारदर्शक नळी लावून बुडबुडे दिसतात का, ते बघतो. मग स्कॅनरवर मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारीशेजारी ठेवतो. मग रिटर्न टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवायचं. एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय, दाब तिकडून पळतोय. मग पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह. सेन्सर शेवटी. फिल्टर शेकड्यांत येतो, पंप हजारांत, आणि क्रम चुकला की आधी हजार जातात.

दुसरी खूण. तीन-चार सेन्सरांचे कोड एकाच वेळी आले तर तीन-चार सेन्सर एका दिवशी मरत नसतात. बहुतेक सेन्सरांना ईसीएम पाच व्होल्ट पुरवतो आणि एका लाइनवर अनेक जण असतात. एकाची वायर बॉडीला टेकली की सगळ्यांचे पाच व्होल्ट बसतात. अशा वेळी एकेका सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) काढत जायचं, जो काढल्यावर पाच व्होल्ट परत आले तो गुन्हेगार. माझ्या स्वतःच्या गाडीत एका गॅरेजने दोन सेन्सर बदलले. निघाली बॅटरीखालची घासलेली वायर, आणि ती मला सापडली रविवारी पोहे खाऊन झाल्यावर, मल्टिमीटर घेऊन, वीस मिनिटांत. दोन सेन्सर अजून कपाटात आहेत.

९. “ईसीएम गेला” म्हणतात. जुन्या गाडीचा काढून बसवू का?

आधी खरंच गेलाय का ते बघा. त्याला बॅटरीचा पुरवठा, इग्निशनचा पुरवठा आणि चांगला अर्थ (अर्थिंग) मिळतो का, मेन रिले ओढतो का, कपलरमध्ये पाणी शिरलंय का. इंजिनवर प्रेशरने पाणी मारून धुण्याच्या हौशीने मी पाहिलेल्या कपलरांचं वाटोळं झालंय. डबा स्वतः क्वचित मरतो.

दुसऱ्या गाडीचा डबा नुसता लावून सहसा चालत नाही. किल्लीची चिप, चासी नंबर, इंजेक्टरांचे कोड सगळं त्यात लिहिलेलं असतं. प्रोग्रॅमिंग करणारा असेल तरच त्या वाटेला जा.

१०. एकच इंजेक्टर बदलला, तर त्यावरचा नंबर स्कॅनरमध्ये टाकायलाच हवा का?

हो. कारखान्यातून कोणतेही दोन इंजेक्टर अगदी सारखे निघत नाहीत. कोणता किती कमी-जास्त सोडतो हे मोजून त्याच्या अंगावर कोड छापतात. तो ईसीएमला दिला नाही तर गाडी चालते, पण टकटक, हादरे, धूर येतो. आणि इंजेक्टर साफसफाईला काढले तर ज्याच्या त्याच्या सिलिंडरमध्येच परत गेले पाहिजेत. अदलाबदल झाली तर कोडही अदलाबदल करावे लागतात.

११. बॅटरी उतरली. धक्का मारून सुरू होईल का?

बॅटरी अगदी मेलेली असेल तर नाही. ईसीएमला जागं राहायला वीज लागते. जुन्या पंपाचा टेम्पो उतारावर सोडला की सुरू व्हायचा, कारण त्याला विजेची गरजच नव्हती. मीटरचे दिवे नीट पेटत असतील, गाडी मॅन्युअल गिअरची असेल, तर धक्क्याने जमू शकतं, पण जंपर केबल बरी.

एक फसवी अवस्था: सेल्फ फिरतो, गाडी मात्र सुरू होत नाही. सेल्फच्या ओढीने व्होल्ट इतके बसतात की ईसीएम मधेच बंद पडतो. लोक इंजेक्टरपर्यंत पोहोचतात आणि दोष बॅटरीचा असतो.

१२. थंडीत स्प्रिंगसारखा पिवळा दिवा दिसतो तो काय?

हीटर प्लगचा. दिवा विझला की सेल्फ मारा. इंदुरात जानेवारीतले काही दिवस सोडले तर त्याच्याशिवायही गाडी सुरू होते, म्हणून प्लग गेलेले कळत नाहीत. चालू गाडीत हाच दिवा लुकलुकला तर काही कंपन्यांत तो इंजिनच्या वेगळ्याच दोषाची सूचना असतो. गाडीचं पुस्तक उघडा.

१३. डिझेल संपून गाडी बंद पडली. भरलं तरी सुरू होत नाही.

लाइनमध्ये हवा शिरली. फिल्टरवरचा हँड प्रायमर घट्ट होईपर्यंत दाबा, किंवा टाकीत विजेचा पंप असेल तर किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, मग सेल्फ. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको. हायप्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, त्यामुळे कोरडा फिरवणं महाग पडतं. घासलेल्या लोखंडाचा चुरा रेलमध्ये गेला की पंप, रेल, इंजेक्टर सगळंच बदलायची पाळी येते. रॉकेलची भेसळही याच कारणाने वाईट, त्याला डिझेलसारखी चिकणाई नसते. पावसाळ्यात फिल्टरखालचं पाणी काढत जा, पाण्याचा दिवा पेटायची वाट बघू नका.

१४. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो. गाडी शहरातच फिरते.

म्हणूनच लागतो. फिल्टरमध्ये काजळी साठली की ईसीएम ती जाळतो. त्यासाठी उशिराचे जास्तीचे फवारे सोडून धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो. विजयनगर ते पलासिया आणि परत एवढ्यात इंजिन धड तापतही नाही, आणि जाळणं अर्धवट राहतं. दिवा लागला की उज्जैनच्या रस्त्याला लागा, खालच्या गिअरमध्ये फेरे दोन हजारांच्या वर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चालवा. मधे बंद करू नका, वाळक्या गवतावर उभी करू नका.

जाळणं पुन्हापुन्हा अर्धवट राहिलं तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल लगेच बदला. आणि काजळी जळते, राख जळत नाही, त्यामुळे एक दिवस फिल्टर काढून साफ करावा किंवा बदलावा लागतोच.

१५. युरियाचं पाणी (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते) चुकून डिझेलच्या टाकीत गेलं.

किल्ली फिरवूच नका. इग्निशन ऑन झालं तरी टाकीतला पंप ते पुढे ढकलतो. गाडी उचलून न्या, टाकी उतरवून धुवा. ते द्रावण ३२.५ टक्के युरियाचं असतं, बाकी पाणी. पंप-इंजेक्टर ते सहन करत नाहीत.

१६. ताकद वाढवणारा डबा लावू का? आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) बंद केला तर?

स्वस्त डबे रेल सेन्सरच्या तारेत बसतात आणि ईसीएमला दाब खरा आहे त्यापेक्षा कमी सांगतात. तो बिचारा दाब वाढवतो. ताकद येते, पण प्रश्न ५ मधल्या सगळ्या मर्यादा खोट्या आकड्यावर चालू राहतात. भार क्लच, टर्बो आणि पिस्टनवर येतो. वॉरंटी जाते. गाडीत मनाने बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही अडसर आहे. मी लावणार नाही.

ईजीआर पत्रा लावून बंद केला तर हवेचा हिशेब जुळत नाही आणि चेक लाइट येते. तो काजळीने अडकला असेल तर काढून साफ करा.

१७. ट्रॉलीला किंवा चासीला वेल्डिंग करायचंय. काय काढावं?

देवास नाक्यावर बॉडी बांधणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. किल्ली बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा (ईसीएम बंद होताना आपली माहिती लिहून घेतो), मग बॅटरीचं मायनस काढा, ईसीएमचे कपलर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावा.

१८. किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होईना, उलट फेरे वाढतच गेले आणि पांढराशुभ्र धूर. ईसीएम वेडा झाला का?

नाही, तो त्या क्षणी असून नसल्यासारखा होता. टर्बोचं सील फुटून इंजिनचं ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं आणि इंजिन त्यावरच धावलं. ऑइल पातळी खूप वाढलेली असतानाही (प्रश्न १४) असं होतं. ईसीएमने इंजेक्टर बंदच केलेले होते, पण ऑइलचा नळ त्याच्या हातात नाही. काही इंजिनांत हवेच्या वाटेवर फ्लॅप असतो, तो मिटून कधी वाचवतो.

मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबून सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा, इंजिन गुदमरून बंद पडतं. ऑटोमॅटिक असेल तर सगळ्यांना खाली उतरवून लांब न्या. एअर फिल्टरचा पाइप सहज हाती लागत असेल तरच जाड फळीने तोंड झाका. हाताने किंवा फडक्याने नाही, दोन्ही आत ओढले जातात. फेरे चढून कर्कश आवाज यायला लागला असेल तर बॉनेट उघडायच्या फंदात पडू नका, इंजिन जाऊ द्या.